विश्लेषण : ‘पैसे हवेत तर आधी काम करा’… या अटीचे अमेरिकेत तीन दशकांत काय झाले?

‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये खात्यावर येऊ लागल्यापासून खुरपणीला, वेचणीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रार राज्यात गावोगावी ऐकू येते. तिच्यामागून येणारा सल्लाही ठरलेला असतो. फुकट कशाला देता, काम करून घ्या आणि मग पैसे द्या. शिवाय मदत कायमची नको, दोन-चार वर्षांपुरती द्या. ऐकायला हे रास्त वाटते. अमेरिकेने नेमके हेच १९९६ मध्ये कायदा करून देशभर लागू केले. गरीब कुटुंबांना तात्पुरती रोख मदत, तीही काम करण्याच्या अटीवर. त्या योजनेचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्रात आज पाहण्यासारखे आहे, कारण रोख मदत आणि रोजगार हमी या दोन्हींची फेरमांडणी आपल्याकडेही सुरू आहे.

१९९६ पूर्वी काय होते?

महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये, अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा झाला. त्यात बाप नसलेल्या किंवा निराधार मुलांसाठी रोख मदतीची तरतूद होती. मूळ कल्पना विधवांची होती. नवरा गेलेल्या बाईने मुले वाऱ्यावर सोडून कारखान्यात जाऊ नये, घरी राहून त्यांना वाढवावे, म्हणून सरकारने हात द्यायचा. पुढे ही मदत ‘एएफडीसी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे ती हक्काची होती. कुटुंब निकषांत बसले की मदत मिळायचीच. अर्जदार वाढले तर खर्च वाढायचा आणि त्यातला आपला वाटा केंद्र सरकार देत राहायचे.

विधवांबद्दल सहानुभूती होती. घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या आणि पुढे अविवाहित आया यादीत येऊ लागल्या तशी ती आटली. कृष्णवर्णीय महिलांना हक्काने मदत मिळू लागल्यावर तर राजकारणाचा सूरच बदलला. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोतील एका महिलेची गोष्ट सांगत फिरत. खोटी नावे घेऊन सरकारी पैसे उकळणारी ती बाई. त्यातून ‘वेल्फेअर क्वीन’ हा शब्द रुळला. एका ठगाची गोष्ट लाखो आयांचे चित्र बनून बसली. आपल्याकडे अपात्र लाभार्थ्यांच्या बातम्यांवरून सगळ्याच बहिणींबद्दल जे बोलले जाते, त्याच्याशी याचे साम्य आहे.

जुनी योजना निर्दोष होती असेही नाही. आईने थोडे कमावले की जवळपास तेवढीच मदत कापली जायची. म्हणजे काम करून हाती काही जास्त उरायचे नाही, उलट बसभाडे आणि पाळणाघराचा खर्च अंगावर पडायचा. मग कोण कशाला कामाला जाईल? ही अडचण खरी होती आणि दोन्ही पक्षांना ती दिसत होती.

‘टॅन्फ’ म्हणजे नेमके काय?

बिल क्लिंटन यांनी १९९२ च्या निवडणुकीत ही व्यवस्था संपवण्याचे वचन दिले होते. रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने पाठवलेली दोन विधेयके त्यांनी परत पाठवली. तिसऱ्यावर मात्र २२ ऑगस्ट १९९६ रोजी, निवडणूक अडीच महिन्यांवर असताना, सही केली. एएफडीसी रद्द झाली. तिच्या जागी ‘टेम्पररी असिस्टन्स फॉर नीडी फॅमिलीज’, म्हणजे ‘टॅन्फ’, आली. गरजू कुटुंबांना तात्पुरते साह्य, असा त्याचा अर्थ. क्लिंटन यांच्याच आरोग्य खात्यातील वरिष्ठ अधिकारी पीटर एडलमन यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला.

या कायद्याने तीन गोष्टी बदलल्या. केंद्राच्या निधीतून एका कुटुंबाला आयुष्यभरात जास्तीत जास्त ६० महिने मदत मिळेल, अशी मुदत आली. राज्यांना याहून कडक होण्याची मुभा होती आणि ॲरिझोनाने तर ती मुदत १२ महिन्यांवर आणली. दुसरी अट कामाची. मदत घेणाऱ्या कुटुंबांपैकी निम्मी कुटुंबे ठरावीक तास कामात किंवा कामाच्या तयारीत दिसली पाहिजेत, नाहीतर राज्याचे अनुदान कापले जाईल. एकट्या आईसाठी आठवड्याला ३० तास, मूल सहा वर्षांच्या आतले असेल तर २०. धंदेशिक्षण घेतले तर ते ‘काम’ म्हणून मोजले जायचे, पण आयुष्यात १२ महिनेच. नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू पाहणाऱ्या बाईला दुसऱ्या वर्षी तो सोडून बर्गरच्या दुकानात उभे राहणे भाग पडावे, अशी ही मोजणी.

हे दोन बदल तेव्हा गाजले. तिसऱ्याची चर्चा फारशी झाली नाही आणि पुढे खरा परिणाम त्यानेच केला. मदतीचा हक्क संपला. केंद्राने राज्यांना दरवर्षी मिळून साडेसोळा अब्ज डॉलरचा ठोक निधी देऊन टाकायचा आणि पुढचे राज्यांनी बघायचे, असे ठरले. गरीब वाढले तरी तेवढाच, घटले तरी तेवढाच. महागाईनुसार वाढीची तरतूदही नव्हती. परिणामी आज त्या रकमेची किंमत १९९६ च्या तुलनेत जवळपास निम्मी उरली आहे.

मग योजना यशस्वी झाली की नाही?

पहिली चार-पाच वर्षे सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. १९९४ मध्ये ५० लाखांहून अधिक कुटुंबे मदत घेत होती. २००० पर्यंत ती संख्या निम्म्याहून खाली आली. एकट्या आयांचे नोकरी करण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. मुलांमधील गरिबीही घटली. कामाची अट घातली की माणसे कामाला लागतात, हे सिद्ध झाले असे मानले गेले.

पण त्याच वर्षांत आणखी बरेच काही घडत होते. अमेरिकी अर्थव्यवस्था जोरात होती, २००० मध्ये बेरोजगारीचा दर चार टक्क्यांवर आला होता. किमान वेतन वाढले होते. आणि १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने कमी पगाराच्या कामगारांना करपरताव्यातून मिळणारी मदत भरघोस वाढवली होती. या सवलतीत कमावत्या कुटुंबाला सरकार वरून पैसे देते, म्हणजे काम केल्याने हाती जास्त येते. आया कामाला गेल्या त्यामागे या परताव्याचा आणि तेजीचा वाटा मोठा होता, असे अनेक अर्थतज्ज्ञांचे म्हणणे आहे. अटीचा वाटा शून्य नव्हता. तरी सगळे श्रेय तिचे नक्कीच नव्हते.

खरी कसोटी मंदीत लागली. २००८ नंतर लाखो नोकऱ्या गेल्या. अन्न कुपन योजना हक्काची असल्याने तिचे लाभार्थी फुगले. २०१२-१३ पर्यंत ते साडेचार कोटींच्या पुढे गेले. असे होणे योग्यच होते, संकटात मदत वाढायलाच हवी. ‘टॅन्फ’चा आकडा मात्र जेमतेम हलला. काम नाही म्हणून मदत मागायला आलेल्या बाईला कामाची अट दाखवली जात होती आणि राज्यांच्या तिजोरीत वाढीव पैसाही नव्हता.

‘सेंटर ऑन बजेट अँड पॉलिसी प्रायॉरिटीज’ ही संस्था याचे एक साधे गणित मांडते. १९९६ मध्ये मुले असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती. २०२० मध्ये २१. म्हणजे मदत घेणारे घटले ते सगळे काही गरिबीतून वर आले म्हणून नव्हे. बरेच जण गरीबच राहिले, फक्त यादीतून गेले.

यादीतून लोक गेले कसे?

यासाठी कोणाला फार दुष्ट असण्याची गरज नव्हती. कायद्याचे हिशेबच तसे होते. राज्याचे लाभार्थी जितके टक्के घटतील, तितकी कामाच्या उद्दिष्टात सूट, असे एक कलम होते. निम्मी कुटुंबे कामाला लावणे कष्टाचे, खर्चाचे. त्यासाठी पाळणाघर हवे, वाहन हवे, प्रशिक्षण हवे, समुपदेशक हवेत. त्यापेक्षा यादीच छोटी केली की उद्दिष्ट आपोआप गाठले जाते. शिवाय वाचलेला पैसा राज्याकडेच राहतो.

मग अर्ज मंजूर होण्याआधीच अमुक इतक्या ठिकाणी नोकरी मागितल्याचा पुरावा आणा, ही अट आली. एक मुलाखत चुकली की मदत बंद. तासांचा तक्ता भरून सही आणली नाही, बंद. अनेक कागद मालकाकडून आणायचे असत आणि पाळीवर काम करणाऱ्या बाईला मालकाकडे सारखे कागद मागणे परवडत नाही. तिला आठवड्याला किती तास काम मिळेल हे तिच्या हाती नसते, दुकानाच्या वेळापत्रकावर असते. तास कमी पडले तर पगारही कमी आणि मदतही कमी. ज्यांच्या घरात आजारी मूल आहे, मारणारा नवरा आहे किंवा स्वतःलाच नैराश्य आहे, अशा सर्वांत गरजू बायाच या चाळणीत आधी गळाल्या. समाजशास्त्रज्ञ कॅथरिन एडिन आणि ल्यूक शेफर यांनी २०१५ च्या ‘टू डॉलर्स अ डे’ या पुस्तकात हातात रोख पैसाच नसलेल्या अशा घरांची माहिती दिली आहे. अन्न कुपने आहेत, पण भाडे, विजेचे बिल, मुलांचे बूट यांसाठी नोट नाही. त्यातल्या काहींनी जगण्यासाठी रक्तद्रव विकल्याचे ते नोंदवतात.

मिसिसिपी हे अमेरिकेतील सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. तेथे तीन जणांच्या कुटुंबाला २०२१ पर्यंत महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत, नंतर ते २६० झाले. रुपयांत मोजले तर आकडा मोठा वाटेल, पण तेवढ्यात तिथे एका खोलीचे भाडेही निघत नाही. २०१६ मध्ये या राज्यात सुमारे ११,७०० अर्जांपैकी १६७ मंजूर झाले होते. शंभरातले दीड.

वाचलेला पैसा गेला कुठे?

मिसिसिपीत पैसा नव्हता म्हणून अर्ज नाकारले जात होते, असे मुळीच नाही. कायद्याने राज्यांना हा निधी चार हेतूंसाठी वापरायची मुभा दिली होती. मुले घरात वाढावीत, पालकांना काम आणि विवाहासाठी प्रोत्साहन मिळावे, विवाहबाह्य गर्भधारणा टळावी, दोन पालकांची कुटुंबे टिकावीत. हे हेतू इतके सैल की त्यात काहीही बसते. ओक्लाहोमाने गरीब-श्रीमंत सगळ्यांसाठी विवाह समुपदेशनाचे वर्ग काढले. मिशिगनने महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांकडे पैसा वळवला, ज्याचा लाभ मध्यमवर्गीय घरांनाही झाला. १९९७ मध्ये या निधीतील दर १०० डॉलरपैकी सुमारे ७० थेट गरीब कुटुंबांच्या हाती जात. अलीकडच्या वर्षांत हा वाटा साधारण पाव उरला आहे.

मिसिसिपीत त्याही पुढची गोष्ट घडली. २०२० मध्ये तेथील राज्य लेखापरीक्षकांनी उघड केले, की कोट्यवधी डॉलर भलतीकडेच गेले. पुढील तपासात गैरवापराचा आकडा किमान ७ कोटी ७० लाख डॉलरवर पोहोचला. एका विद्यापीठातील व्हॉलीबॉल संकुलासाठी सुमारे ५० लाख डॉलर वळवले गेले होते. एका नामवंत माजी फुटबॉलपटूला भाषणांपोटी दिलेले ११ लाख डॉलर नंतर परत करावे लागले. कल्याण खात्याच्या माजी संचालकाने २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला. गरीब आईकडून दर आठवड्याला तासांचा हिशेब मागणाऱ्या व्यवस्थेने स्वतःचा हिशेब असा ठेवला होता.

कामाला जोडलेली मदत चालतच नाही का?

चालते. तिचे पुरावेही अमेरिकेतच आहेत आणि कामाची अट म्हणजे सरसकट अन्याय असे म्हणणाऱ्यांनी ते पाहायला हवेत.

मिनेसोटाने १९९० च्या दशकात केलेला प्रयोग त्यापैकी एक. तेथे आईने कमवायला सुरुवात केली की मदत एकदम न कापता हळूहळू कमी केली आणि पाळणाघराचे पैसे सरकारने थेट भरले. काही काळाने काम करणे बंधनकारकही होते. दीर्घकाळ मदतीवर असलेल्या एकट्या आयांमध्ये काम वाढले, कमाई वाढली, गरिबी घटली. इतकेच नव्हे, घरगुती मारहाणीचे प्रमाणही कमी झाल्याचे २००० मधील मूल्यमापनात दिसले. कारण सरळ आहे. पगार आणि मदत मिळून महिन्याला हाती जास्त उरत होते.

दुसरा प्रयोग २००९-१० मधला. मंदीत ओबामा सरकारने ‘टॅन्फ’साठी पाच अब्ज डॉलरचा तात्पुरता आपत्कालीन निधी काढला. त्यातल्या काही रकमेतून राज्यांनी नोकऱ्यांचे पगारच भरले. दुकानदाराने, छोट्या कारखानदाराने माणूस घ्यावा, पगार सरकार देईल. सुमारे अडीच लाख लोकांना असे काम मिळाले. रिपब्लिकन गव्हर्नरांनीही ते उत्साहाने राबवले. सप्टेंबर २०१० मध्ये मुदत संपली, काँग्रेसने ती वाढवली नाही आणि योजना बंद पडली.

आणि तिसरी गोष्ट बिनअटीच्या पैशाची. करोनाकाळात २०२१ च्या जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत बहुतेक पालकांना दर मुलामागे महिन्याला २५० ते ३०० डॉलर मिळाले. ना कामाची अट, ना तासांचा तक्ता. पूरक मोजणीनुसार मुलांमधील गरिबी २०२० मध्ये ९.७ टक्के होती, ती २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर उतरली. योजना थांबवल्यावर २०२२ मध्ये १२.४ टक्क्यांवर गेली. त्या सहा महिन्यांत पालकांनी मोठ्या संख्येने नोकऱ्या सोडल्याचे बहुतेक अभ्यासांत आढळले नाही. खुरपणीला मजूर का मिळत नाहीत याची कारणे शोधताना दीड हजारांपलीकडे दिवसाच्या मजुरीच्या दराकडेही पाहावे लागते, ते यामुळे.

महाराष्ट्राने याची उलटी वाट कशी धरली होती?

कामाला जोडलेली मदत ही काही अमेरिकेची देणगी नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, जो प्रयोग झाला, त्यातून रोजगार हमी योजना जन्मली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कसाला लागली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या योजनेसाठी लावण्यात आला. आजही पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात दिसते. तिचे मूळ अनेकांना ठाऊक नसते.

या योजनेतही अट कामाचीच होती. खडी फोडा, नालाबांध घाला, पाझर तलाव खणा, मगच मजुरी. फुकट काही नाही. फरक एवढाच की काम शोधून देण्याची जबाबदारी मजुरावर नव्हती. मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक होते आणि देता आले नाही तर बेकारभत्ता द्यायचा होता. अमेरिकेने आईला सांगितले, काम दाखव, नाहीतर मदत बंद. महाराष्ट्राने सरकारला सांगितले, काम दे, नाहीतर भत्ता दे. अंमलबजावणीत खोट्या हजेऱ्या, रखडलेली मजुरी, कागदावरचे बांध हे सगळे झाले. तरी हक्क कोणाचा आणि बंधन कोणावर, हे कायद्यात स्पष्ट होते. तीच रचना २००५ च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे पुढे मनरेगा झालेल्या योजनेने, देशभर नेली. वर्षाला कुटुंबामागे १०० दिवस. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा. मागणी वाढली की निधी वाढवायचा.

आता आपल्याकडे काय बदलते आहे?

दोन गोष्टी. पहिली रोख मदतीची. जुलै २०२४ पासून सुरू झालेली ‘लाडकी बहीण’ २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना महिन्याला १,५०० रुपये देते. तिला कामाची अट नाही आणि ती घालू नये हेच बरे. यातल्या बहुतेक बायका घरी, रानात, दुसऱ्याच्या घरी दिवसभर राबतच असतात. त्यांच्याकडून तासांचा दाखला मागणे म्हणजे सरपंच आणि मुकादमाच्या हाती आणखी एक शिक्का देणे. पात्रतेची पडताळणी आणि ई-केवायसी गरजेची आहे, पण ओटीपी आला नाही, आधारवरचे नाव जुळले नाही म्हणून पात्र बाई गळणार नाही ना, हे पाहणारी तक्रार यंत्रणा तेवढीच गरजेची आहे. तरुणांसाठीची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना शिक्षणानुसार ६ ते १० हजारांचे विद्यावेतन देते. ती मुळात सहा महिन्यांची होती, नंतर अकरा महिन्यांची झाली. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. तात्पुरत्या मदतीला पुढची पायरी जोडलेली नसली की हेच होते.

दुसरा बदल मोठा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. ‘विकसित भारत - जी राम जी’ या नावाने तो चर्चेत आला. दिवस १०० वरून १२५ करण्यात आले, ही त्यातली जाहिरात होणारी बाजू. पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवता येतील, ही मजूर मिळत नसल्याची तक्रार करणाऱ्या शेतकऱ्यांना सुखावणारी बाजू. मात्र मजुरीचा खर्च आता महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र आणि राज्य यांनी ६० : ४० असा वाटून घ्यायचा आहे. केंद्र प्रत्येक राज्यासाठी वर्षाची रक्कम आधीच ठरवणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसायचा आहे. हमी हा शब्द कायम आहे. निधीची मांडणी मात्र साडेसोळा अब्ज डॉलरच्या त्या ठोक निधीच्या दिशेने सरकली आहे. पाऊस दडी मारतो त्या वर्षी मराठवाड्यात कामाची मागणी नेमकी वाढते, आणि त्याच वर्षी राज्याचा महसूलही आटतो.

ग्रामपंचायतीत कामाची मागणी लेखी द्या आणि तारखेची पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका, असे रोजगार हमीवर काम करणारे कार्यकर्ते मजुरांना वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. त्या तारखेपासून १५ दिवसांची मुदत सुरू होते आणि ती सरकारला लागू असते. ठरलेली रक्कम संपल्यावर मागणी आली, तर ग्रामसेवक ती पावती देईल का, हे येत्या दुष्काळात कळेल.